संगणकाच्या कार्यप्रणालीची सुरक्षित प्रत

ग्रामपंचायत असो, शाळा असो वा तालुक्याची कचेरी असो, संगणकावर केलेल्या कामाची प्रत काढून ठेवावी हे आता बहुतेकांस पटले आहे. विद्यार्थ्यांच्या याद्या, मासिक सभांची इतिवृत्ते, पत्रव्यवहार पेन ड्राइव्हवर उतरवून घेण्याची सवय पुष्कळ ठिकाणी रुजली आहे. तथापि ज्या कार्यप्रणालीच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या, आधारे हे सारे चालते तिच्या फाइलींची प्रत क्वचितच कोणी ठेवतो. ‘विंडोज काय, पुन्हा टाकता येते’ असे दुरुस्ती करणारे सांगतात आणि ते खरेही आहे. परंतु विंडोज पुन्हा टाकणे आणि तो संगणक पूर्ववत कामास लागणे या दोन अगदी वेगळ्या गोष्टी होत. प्रिंटर व स्कॅनर यांचे ड्रायव्हर, मराठी कळफलक, डिजिटल स्वाक्षरीचे टोकन ओळखणारी आज्ञावली हे सर्व एकेक करून पुन्हा बसवावे लागते. ई-ग्रामस्वराज प्रणालीतून देयके अदा करावयाची असता टोकनच ओळखले गेले नाही, तर खात्यात निधी असूनही देयक अडून राहते.

कार्यप्रणालीतील सर्वच फाइलींचे महत्त्व सारखे नाही, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे. तिचा गाभा असलेल्या हजारो फाइली सर्व संगणकांवर सारख्याच असतात आणि त्या बिघडल्यास मायक्रोसॉफ्टकडून पुन्हा मिळू शकतात. प्रश्न उरतो तो त्या एका संगणकापुरत्याच असलेल्या फाइलींचा. त्यांत पहिला मान रजिस्ट्रीचा. ‘विंडोज’ या फोल्डरमधील ‘सिस्टिम३२’ व त्यातील ‘कॉन्फिग’ या ठिकाणी सिस्टिम, सॉफ्टवेअर, सॅम, सिक्युरिटी आणि डिफॉल्ट अशा नावांच्या ज्या फाइली असतात, त्यांत या संगणकाला कोणती उपकरणे जोडली आहेत, कोणत्या आज्ञावली बसविल्या आहेत, कोणाकोणास प्रवेश आहे, याच्या नोंदी असतात. तलाठ्याच्या दप्तराचे गावाशी जे नाते, तेच रजिस्ट्रीचे संगणकाशी. कोरा नमुना कोठेही मिळेल. त्यातील नोंदी दुसऱ्या गावाकडून आणता येणार नाहीत. दुसरा भाग म्हणजे संगणक सुरू होताना प्रथम वाचला जाणारा छोटासा, सहसा डोळ्यांआड ठेवलेला विभाग. नव्या संगणकांत तो साधारणपणे १०० मेगाबाइटच्या आसपास असतो. हार्ड डिस्कच्या मानाने तो नगण्य, पण तो बिघडला तर उरलेली सारी डिस्क शाबूत असूनही पडद्यावर काही उमटत नाही.

पूर्वी ही काळजी संगणक काही अंशी स्वतःच वाहत असे. विंडोज ९८ मध्ये दररोज पहिल्यांदा यंत्र नीट सुरू झाले की रजिस्ट्रीची प्रत आपोआप काढली जाई आणि अशा शेवटच्या पाच प्रती जपून ठेवल्या जात. पुढील आवृत्त्यांतही ‘रेगबॅक’ नावाच्या फोल्डरमध्ये प्रत राहत असे. २०१८ मध्ये आलेल्या विंडोज १० च्या १८०३ या आवृत्तीपासून मात्र ही प्रत आपोआप काढणे बंद झाले. डिस्कवरील जागा वाचावी, हे त्याचे कारण मायक्रोसॉफ्टने दिले. फोल्डर तेथेच आहे, फाइलींची नावेही दिसतात, पण त्यांचा आकार शून्य असतो. काही मेगाबाइट जागेसाठी ही सोय मोडीत काढावी हे प्रस्तुत लेखकास तरी समजण्यासारखे वाटत नाही. आता भिस्त आहे ती ‘रिस्टोअर पॉइंट’वर, आणि ती सोय अनेक संगणकांवर मुळातच बंद ठेवलेली आढळते.

एका लहान फाइलीने केवढा अनर्थ होतो याचा प्रत्यय जगाला १९ जुलै २०२४ रोजी आला. क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा कंपनीने आपल्या ग्राहकांकडे पाठविलेली एक सदोष फाइल ड्रायव्हरच्या फोल्डरमध्ये जाऊन बसली आणि विंडोजचे संगणक सुरू होता होताच बंद पडू लागले. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे सुमारे ८५ लाख संगणक बाधित झाले. भारतात काही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. कंपनीने दीड तासाच्या आत ती फाइल मागे घेतली. परंतु जे संगणक अगोदरच पडले होते त्यांतील बहुतेकांपाशी माणसाने प्रत्यक्ष जाऊन, ते ‘सेफ मोड’मध्ये सुरू करून, ती फाइल काढून टाकणे भाग होते. जेथे डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद होती तेथे एवढेही करण्यापूर्वी ४८ अंकी किल्ली मागितली जाई.

ही किल्ली आपल्याकडेही कळीची ठरणार आहे. नव्या विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या खात्याने संगणक प्रथम सुरू केला की पुष्कळ यंत्रांवर डिस्क आपोआप सांकेतिक रूपात बंदिस्त होते आणि किल्ली त्या खात्यात जमा होते. खाते कोणाचे? पुरवठादाराच्या माणसाने घाईघाईत स्वतःच्या खात्याने यंत्र सुरू करून दिले असेल, तर कार्यालयाची किल्ली त्याच्या खात्यात गेलेली असू शकते. यास्तव संगणक ताब्यात घेतानाच ती ४८ अंकी किल्ली छापून घ्यावी आणि कपाटात, मुद्रांकांसारख्या जोखमीच्या वस्तूंबरोबर ठेवावी. संगणकातच साठविलेली किल्ली म्हणजे पेटीत बंद केलेली पेटीची चावी होय.

प्रत्यक्ष प्रत घेण्याचे काम अवघड नाही. प्रथम ‘सिस्टिम प्रोटेक्शन’ चालू करावे. मग नवी आज्ञावली बसविण्यापूर्वी एक रिस्टोअर पॉइंट तयार करता येतो. त्यात रजिस्ट्री व ड्रायव्हर यांची पूर्वस्थिती राहते. आपली पत्रे व तक्ते त्यात नसतात. यानंतर ३२ जीबीचा एक स्वतंत्र पेन ड्राइव्ह घेऊन विंडोजमधीलच सोयीने ‘रिकव्हरी ड्राइव्ह’ बनवावा. त्यावरील आधीचे सर्व काही पुसले जाते, म्हणून तो कोरा असावा. विंडोज सुरूच होत नसेल तेव्हा संगणक याच्या साहाय्याने उघडता येतो. तिसरी व सर्वांत भरवशाची गोष्ट म्हणजे संपूर्ण डिस्कचे प्रतिरूप बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरविणे. विंडोजमधील त्यासाठीची जुनी सोय नियंत्रण पटलात अद्याप सापडते. पण मायक्रोसॉफ्टने २०१७ मध्येच तिचा पुढील विकास सोडून दिला आणि इतर कंपन्यांच्या आज्ञावली वापरण्याचा सल्ला दिला.

मराठीत काम करणाऱ्यांनी आणखी एका फोल्डरकडे लक्ष द्यावे. युनिकोड रूढ होण्यापूर्वी सी-डॅकच्या आयएसएम किंवा श्रीलिपीसारख्या आज्ञावलींच्या फाँटमध्ये टंकलिखित केलेली शेकडो कागदपत्रे कार्यालयांत पडून आहेत. तो फाँट संगणकावर नसेल तर ठरावाच्या जागी निरर्थक इंग्रजी अक्षरे व चिन्हे दिसू लागतात. कागदपत्रांची प्रत आहे पण फाँटची नाही, अशी स्थिती येऊ देऊ नये.

काही गैरसमज मात्र सार्वत्रिक आहेत. ‘विंडोज’ हे फोल्डर उचलून पेन ड्राइव्हवर टाकले की झाले, असे अनेकांस वाटते. संगणक चालू असता रजिस्ट्रीच्या फाइली वापरात असल्याने कुलूपबंद असतात. त्या अशा रीतीने उतरत नाहीत. डी ड्राइव्हवर ठेवलेली प्रतही बहुधा त्याच डिस्कच्या दुसऱ्या भागावर असते; डिस्क गेली की दोन्ही जातात. बाहेरची डिस्क कायम जोडून ठेवणेही धोक्याचे. मे २०१७ मध्ये पसरलेल्या वॉनाक्राय या खंडणीखोर आज्ञावलीने फाइली बंदिस्त केल्याच, शिवाय संगणकाने स्वतःजवळ ठेवलेल्या जुन्या प्रतीही पुसून टाकल्या. प्रत काढावी, डिस्क सोडवावी आणि शक्यतो दुसऱ्या इमारतीत ठेवावी.

विंडोज १० साठी मायक्रोसॉफ्टचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्यामुळे अनेक कार्यालयांत व शाळांत आवृत्ती बदलण्याचे काम निघते. बदल करण्याच्या आदल्या दिवशी संपूर्ण डिस्कचे प्रतिरूप घ्यावे आणि रिकव्हरी ड्राइव्ह लावून संगणक त्यावरून उघडतो की नाही हे एकदा पाहून घ्यावे. त्यास दहा-पंधरा मिनिटे पुरतात. आवृत्ती बदलल्यावर जुन्या ड्राइव्हवर विसंबून न राहता नवा तयार करावा आणि एरवीही वर्षातून एकदा तो नव्याने बनवावा. त्यावर संगणकाचे नाव, आवृत्ती व दिनांक लिहिलेली चिठ्ठी चिकटवावी, म्हणजे आणीबाणीच्या वेळी कोणता ड्राइव्ह कोणत्या यंत्राचा याचा शोध घेत बसावे लागणार नाही.