६१७४ : देवळालीच्या मास्तरांचा आकडा

हॉस्टेलच्या पार्किंगमधल्या कुठल्याही एमएच-३९ गाडीचा चार अंकी नंबर घ्या. अट एकच, चारही अंक सारखे नकोत. ७७७७ वाला बाद! आता तेच अंक उतरत्या क्रमाने मांडून मोठी संख्या करा, चढत्या क्रमाने लहान. मोठीतून लहान वजा करा. उत्तर तीन अंकी आलं तर पुढे शून्य लावा, आणि पुन्हा तेच करा.

उदाहरणार्थ, आपला नंदुरबार जिल्हा धुळ्यापासून वेगळा झाला ते साल १९९८ :

९९८१ − १८९९ = ८०८२
८८२० − ०२८८ = ८५३२
८५३२ − २३५८ = ६१७४

पुढे ७६४१ − १४६७ = ६१७४. गाडी इथून हलतच नाही! कुठलाही नंबर घ्या, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत इथेच येतो.

हे १९४९ साली दाखवलं ते दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी. जन्म डहाणूचा, शिक्षण पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये, आणि १९३० ते १९६२ नोकरी आपल्याच नाशिक विभागातल्या देवळालीत, शाळामास्तरची. पीएच.डी. नाही, विद्यापीठात खुर्ची नाही. त्यामुळे इथल्या बऱ्याच गणितज्ञांनी त्यांचं काम सुरुवातीला मनावर घेतलं नाही. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'च्या सदरात त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा जगभर नाव झालं. आज ६१७४ ला 'कापरेकर स्थिरांक' म्हणतात.

आता इंजिनिअरचा प्रश्न : दहा नंबर करून बघितले म्हणजे सिद्ध झालं का? नाही. 'सी'मध्ये लूप टाकून सगळे ९,९९० नंबर तपासता येतील. पण कापरेकरांकडे कॉम्प्युटर नव्हता, आणि त्याची गरजही नाही.

अंक उतरत्या क्रमाने क, ख, ग, घ माना. वजाबाकी केली की उरतं :

९९९ × (क − घ) + ९० × (ख − ग)

म्हणजे उत्तर फक्त दोन फरकांवर ठरतं! पहिला फरक १ ते ९, दुसरा ० पासून पहिल्याएवढा. अशा जोड्या होतात २ + ३ + … + १० = ५४. हजारो नंबर पहिल्याच पायरीत ५४ वर आले. त्यातही १९९८ आणि ८९९१ सारख्यांचे अंक तेच, म्हणून खरे प्रकार उरतात ३०. एवढं तर मेसची घंटा होईपर्यंत वहीत होतं!

६१७४ चे आणखी गुणही बघा. अंकांची बेरीज १८, आणि १८ ने भागलं की ३४३, म्हणजे ७ चा घन. शिवाय १८ + १८² + १८³ = ६१७४! स्वतःच्या अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्यांना 'हर्षद संख्या' हे नावही कापरेकरांनीच दिलं.

तीन अंकी संख्यांचा मुक्काम ४९५. दोन अंकींना मुक्कामच नाही. ०९, ८१, ६३, २७, ४५ आणि परत ०९, असं त्या फिरतच राहतात. असं का, ते वरच्याच रीतीने तुम्ही शोधा.

मोठी लॅब नाही, मोठं शहर नाही, असं आपण नेहमी म्हणतो. देवळालीच्या मास्तरांकडे वजाबाकी होती आणि चिकाटी होती. त्यांचं जन्मसाल १९०५. करून बघा, बरोब्बर सात पायऱ्या लागतात!