घारापुरीला एसी, आरेला डीसी

समुद्राखालून किंवा जमिनीखालून वीज नेताना एसी वापरायची की डीसी, हे मुख्यतः केबलच्या लांबीवर ठरतं.

घारापुरी बेटावर फेब्रुवारी 2018 मध्ये वीज पोचली ती न्हाव्याच्या बाजूने, समुद्रतळात टाकलेल्या सुमारे साडेसात किलोमीटरच्या 22 केव्ही एसी केबलमधून. एवढ्याशा अंतराला एसी पुरते. बेटावर ट्रान्सफॉर्मर बसवला की काम झालं.

लांबी वाढली की गणित बिघडतं. केबलच्या मधोमध तार, भोवती जाड इन्सुलेशन, त्यावर अर्थ केलेलं धातूचं आवरण. म्हणजे हा चक्क कित्येक किलोमीटर लांबीचा कपॅसिटर! 50 हर्ट्झच्या एसीत प्रवाहाची दिशा सेकंदाला 100 वेळा उलटते, आणि दर वेळी हा कपॅसिटर नव्याने भरावा लागतो. त्यात जाणारा प्रवाह केबल तापवतो. ग्राहकाला त्याचा उपयोग शून्य. अंतर फारच वाढलं तर केबलची सगळी क्षमता त्यातच संपते.

टॉवरवरच्या तारांमध्ये भरपूर हवा असते, म्हणून तिथे हा त्रास कमी. जमिनीखालच्या केबलला वाटेत रिअॅक्टर, म्हणजे तारेची मोठी वेटोळी, जोडून भरपाई करता येते. भर समुद्रात ते कुठे बसवणार?

डीसीत केबल एकदाच चार्ज होते. मात्र दोन्ही टोकांना एसीची डीसी आणि डीसीची एसी करणारं कन्व्हर्टर स्टेशन लागतं आणि ते महागडं. त्यामुळे समुद्राखाली साधारण 50 ते 80 किलोमीटरच्या पुढेच डीसी परवडते.

पालघर जिल्ह्यातल्या कुडूसहून मुंबईत आरेला येणारी 1000 मेगावॅटची लाइन डीसी आहे. तिच्या 80 किलोमीटरपैकी सुमारे 50 किलोमीटर जमिनीखालून जातात. दाट वस्तीत टॉवर उभारायला जागाच नाही.