वाचता येणारी, पण न कळणारी भाषा

देवनागरीत उतरवलेला कानडी मजकूर आपण घडाघडा वाचून दाखवू, परंतु ती भाषा अवगत नसेल तर अर्थ मात्र हाती लागणार नाही; दक्षिण पोर्तुगालच्या आल्गार्व्ह व आलेन्तेजो प्रांतांत आणि लगतच्या स्पेनमध्ये सापडलेल्या, इसवी सनापूर्वी 7 व्या ते 5 व्या शतकांतील मानल्या जाणाऱ्या शंभराच्या आतबाहेर शिलालेखांपुढे विद्वानांची अशीच अवस्था झाली आहे.

या लेखांची लिपी फिनिशियन वर्णमालेवरून घडली. तीत स्वर स्वतंत्र आणि र, ल, न, स ही व्यंजनेही स्वतंत्र, परंतु क, त, प यांसारख्या स्पर्शव्यंजनांस पुढील स्वराप्रमाणे निरनिराळी चिन्हे. आणि नवल असे की, 'कि' लिहून झाल्यावरही पुढे 'इ' पुन्हा लिहावयाची. ही द्विरुक्तीच उलगड्यास उपकारक ठरली. कास्त्रो व्हेर्देजवळच्या एस्पान्का येथील एका पाटीवर तर 27 अक्षरे दोनदा कोरली आहेत: एक ओळ सराईत हाताची, दुसरी अडखळती, जणू पंतोजींनी कित्ता घालून द्यावा आणि पोराने तो गिरवावा. त्या दुसऱ्या ओळीवरून माझी नजर लवकर हलत नाही.

अक्षरे लागली, पण भाषा कोणती? 2009 साली भाषाशास्त्रज्ञ जॉन कॉख यांनी ती केल्टिक असल्याचा पक्ष विस्ताराने मांडला. फोन्ते व्हेल्या येथील लेखातील 'लोकोओबोओ' या शब्दाचा शेवट त्यांना चतुर्थीच्या अनेकवचनाचा वाटतो, म्हणजे आपल्या 'देवेभ्यः'मधील 'भ्यः'चाच सगोत्र. आणि स्मारकशिलांवर वारंवार येणाऱ्या 'नार्केएन्ती'त त्यांना 'गच्छन्ति'सारखे क्रियापद दिसते. ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने ज्याला टार्टेससचा, म्हणजे हे लेख ज्याच्याशी जोडले जातात त्या प्राचीन राज्याचा, राजा म्हटले त्या आर्गान्थोनिओसच्या नावातही रुप्याचा वाचक, म्हणजे आपल्या 'रजत'शी नाते सांगणारा, केल्टिक शब्द दाखवला जातो.

हे साम्य मोहक आहे. परंतु या लेखांत शब्दांमध्ये सहसा जागाच सोडलेली नसल्यामुळे पदच्छेद कोठे करावा हे वाचणाऱ्याच्या मर्जीवर राहते, आणि राजाचे नाव काही प्रजेच्या भाषेचा पक्का दाखला नव्हे. शिवाय टार्टेसस ग्वादाल्किव्हीर नदीच्या मुखाकडे, तर बहुतेक शिलालेख त्याच्या पश्चिमेस. तेव्हा या भाषेला दिले जाणारे 'टार्टेसिअन' हे नावही वादातीत नाही. ही भाषा भारोपीय कुळातली नसावी, असे मानणारे अभ्यासकही आहेत. माझ्या मते तूर्त फैसला तहकूब ठेवणेच रास्त, कारण पुरावाच तुटपुंजा आहे: 2008 साली मेसास दो कास्तेलिन्यो येथे मिळालेल्या, या लिपीतील सर्वांत लांब लेखांपैकी एका शिलालेखात अवघी 86 चिन्हे आहेत.