कोल्हापुरी चावते कशामुळे? शोभायात्रेसाठी चप्पल निवडताना काय पाहावं

गुढीपाडव्याच्या शोभायात्रेची तयारी बऱ्याच घरांत महिनाभर आधी सुरू होते. नऊवारी नेसायची की शिवून घ्यायची, नथ कुठली, फेटा कोण बांधणार, सगळं ठरतं. चपलेचा विषय मात्र आदल्या रात्री निघतो. मग सकाळी सहाला घातलेली कोरी कोल्हापुरी दहा वाजेपर्यंत हातात येते आणि उरलेली यात्रा चैत्रातल्या तापलेल्या डांबरावरून अनवाणी पूर्ण होते.

१९९९ मध्ये डोंबिवलीत सुरू झालेली नववर्ष स्वागतयात्रा आता राज्यभर पसरली आहे. गिरगाव असो की ठाणे, या यात्रेत तीन-चार तास सहज जातात. त्यातला बराचसा वेळ चालण्यात नाही, तर थांबत-थांबत उभं राहण्यात जातो. पायांना चालण्यापेक्षा हे उभं राहणंच जास्त जड जातं.

आधी चप्पल, मग साडी

सहावारी नेसताना पायात त्या दिवशीचीच चप्पल हवी. निऱ्यांची उंची त्यावर ठरते. दोन इंची टाचेवर नेसलेली साडी देवळात चप्पल काढली की जमिनीवर लोळते आणि पायरी चढताना पायात अडकते. त्यामुळे देवदर्शन असेल त्या दिवशी टाच कमीच बरी. पेन्सिल हील तर नकोच. पेव्हर ब्लॉकच्या फटीत ती हमखास अडकते. उंची हवीच असेल तर सलग तळाची वेज चप्पल त्यातल्या त्यात बरी.

नऊवारीचं गणित वेगळं. काष्ट्यामुळे चालायला मोकळीक मिळते, पण पाऊल पूर्ण दिसतं. सहावारीखाली स्पोर्ट्स शूज खपून जातात, नऊवारीखाली ते लपत नाहीत. (अलीकडे अनेक जणी नऊवारीवर पांढरे शूज मुद्दाम घालतात. बुलेट चालवायची असेल तर चपलेपेक्षा तेच सुरक्षित.) नऊवारी शिवून घेणार असाल तर माप द्यायला जाताना चप्पल सोबत न्या.

चावण्यामागचं कारण

अस्सल कोल्हापुरीचं कातडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं असतं. ते टिकाऊ असतं, पण सुरुवातीला कडक. त्यात घाम आला की पायाची त्वचा मऊ पडते आणि अंगठ्याजवळ व पट्ट्याखाली कातडं घासून फोड येतो. म्हणजे चप्पल वाईट नसते, ती पायात रुळलेली नसते.

रुळायला साधारण दोन-तीन आठवडे द्यावेत. सुरुवातीला रोज अर्धा तास घरात, मग कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत. पट्ट्याच्या आणि अंगठ्याच्या आतल्या बाजूला खोबरेल किंवा एरंडेल तेलाचा पातळ हात फिरवून रात्रभर ठेवावं आणि सकाळी कोरड्या कापडानं नीट पुसावं. हे पुसणं विसरलं तर तेलाचा डाग थेट पैठणीच्या काठावर येतो.

हा सगळा खटाटोप कातड्यासाठीच उपयोगाचा आहे. रेक्झिनची ‘कोल्हापुरी’ तेल पीत नाही आणि पायाचा आकारही घेत नाही. ती पहिल्या दिवशी चावली तर महिन्यानंतरही चावेल. घेताना तळ उलटा करून पाहा. अस्सल चपलेत कातड्याचे थर कातड्याच्याच वादीनं शिवलेले असतात, खिळे नसतात. २०१९ मध्ये या चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, ते कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून. २०२५ च्या जूनमध्ये प्राडाच्या मिलानमधल्या शोमध्ये तशाच चपला दिसल्या आणि या कारागिरांची चर्चा जगभर झाली. कोल्हापूरच्या चप्पल लाइनमध्ये मात्र गिऱ्हाईक आजही पहिल्यांदा विचारतं ते ‘किती दिवसांत रुळेल?’ हेच.

माप संध्याकाळी

दिवसभरात पाय थोडे सुजतात, म्हणून चप्पल संध्याकाळी घ्यावी. दोन्ही पायांत घालून दुकानात चालून पाहावं, कारण अनेकांचा एक पाऊल दुसऱ्यापेक्षा किंचित मोठं असतं. ‘वापरून सैल होईल’ हे दुकानदाराचं म्हणणं पट्ट्याच्या बाबतीत खरं आहे, लांबीच्या बाबतीत नाही. टाच तळाबाहेर जात असेल तर एक नंबर मोठी घ्या.

पुरुषांच्या मोजडीलाही हेच लागू. पारंपरिक मोजडीत डावा-उजवा असा फरक नसतो, घालून-घालून ती त्या पायाची होते. एकदा डावी ठरली की ती डावीच ठेवा.

कोल्हापुरी कुणी टाळावी?

मधुमेह असलेल्यांनी नवी चप्पल सणाच्या दिवशी पहिल्यांदा घालूच नये. मधुमेहात पायाची संवेदना कमी झालेली असू शकते. अशा वेळी फोड आलेला कळत नाही आणि साध्या फोडाची चिघळलेली जखम व्हायला वेळ लागत नाही. तापलेल्या फरशीवर किंवा डांबरावर अनवाणी चालणंही त्यांच्यासाठी तितकंच धोक्याचं, भाजलं तरी जाणवत नाही. घरातल्या ज्येष्ठांना परंपरेच्या नावाखाली आग्रह करण्याआधी हे लक्षात घ्यायला हवं. टाचदुखी असलेल्यांना सपाट, कडक तळ सोसत नाही, त्यांनी मऊ तळाची आणि पावलाच्या कमानीला आधार देणारी सँडल घालावी.

गणपती विसर्जनाच्या मिरवणुकीत कातडी चप्पल कुणीच घालू नये. पावसात कातडं फुगतं, वाळल्यावर कडक होतं आणि तळ निसरडा होतो. शिवाय गर्दीत मागच्याचा पाय चपलेवर पडतो आणि अंगठा तुटतो. मागे पट्टा असलेली रबरी तळाची सँडल तिथे कामाची.

आणि फोड आलाच तर? लालसर झाल्यावरच चिकटपट्टी लावावी, फोड येईपर्यंत थांबू नये. आलेला फोड फोडू नये. पिशवीत दोन-चार पट्ट्या आणि जुनी, रुळलेली चप्पल असली की काम भागतं. जुनी चप्पल फोटोत तेवढी चांगली दिसणार नाही, पण फोटो यात्रा सुरू होतानाच काढून होतात.