आधी बोय, मग जिताडा

बोरिवलीच्या गोराई खाडीत जिताडा गरवायचा, तर आमिष म्हणून जिवंत बोयीसारखं दुसरं काही नाही. तिच्या धडपडीने पाण्यात कंपनं उठतात. जिताडा ती अंगावरच्या पार्श्वरेषेने टिपतो. म्हणून गढूळ पाण्यातही त्याला भक्ष्याचा माग लागतो.

पण बोय सहजासहजी गळाला लागत नाही. चिखलावरचं शेवाळ आणि कुजका पालापाचोळा हा तिचा आहार. सोबत गिळलेल्या वाळूच्या मदतीने जठराचा जाड, स्नायुमय भाग तो दळतो. तोंडही एवढंसं. कोळंबीचा मोठा तुकडा लावून बसलात, तर हात हलवत परत याल. कणकेची वाटाण्याहून लहान गोळी आणि बारीक गळ हवा. गळांचा हिशेब उलटा असतो. १४ नंबरचा गळ ८ नंबरपेक्षा लहान. भरती चढू लागली की बोयींचे थवे तिवरांच्या कडेला येतात. तेव्हा हलकं बूच बांधून गळ सोडावा. बोय आमिष चोखून थुंकतेही. बूच नुसतं थरथरलं तरी अलगद झटका द्यावा.

सापडलेली बोय बादलीत फार टिकत नाही. पाणी तापलं की त्यातला विरघळलेला प्राणवायू घटतो. बादली सावलीत ठेवावी, पाणी बदलत राहावं आणि दाटी टाळावी.