पांढरा साका

२२ मार्च. जागतिक जलदिन. कोल्हापुरात सकाळी साडेदहालाच ऊन चटकायला लागलंय. शिवाजी विद्यापीठाच्या मुख्य इमारतीपुढं, महाराजांच्या अश्वारूढ पुतळ्यापाशी एका शाळेची पोरं फोटो काढण्यात दंग आहेत. "अरे, आपल्याला पाणी बघायचंय पाणी!" म्हणत त्यांच्या बाई त्यांना पुढं हाकतायत.

पर्यावरणशास्त्र विभागाच्या व्हरांड्यात भित्तिपत्रकं ओळीनं लावलीयत. प्रत्येक तिसऱ्या पत्रकावर डोळे असलेला, रडका थेंब आहे. त्यांच्यापुढं कुणी थांबत नाही. मीही थांबत नाही. सगळी झुंबड आहे ती प्रयोगशाळेच्या दारातल्या टेबलाभोवती, कारण तिथं सांगितलंय की तुमचं पाणी आणा, आम्ही तपासून देतो. आणि लोकांनी खरंच आणलंय. कोल्ड्रिंकच्या बाटलीत, लोणच्याच्या बरणीत, एका आजींनी तर पितळी तांब्यात, वर फडकं बांधून.

"विहिरीचं हाय. डाळ शिजता शिजत न्हाई," धोतरातले एक आजोबा सांगतात.

एम.एस्सी.ची एक मुलगी त्यांच्या पाण्यात चिमूटभर पूड टाकते. पाणी डाळिंबी होतं. वरच्या बुरेटमधून थेंब पडत राहतात. बराच वेळ काहीच घडत नाही आणि मग अचानक सगळं निळंशार.

"जड आहे पाणी, आजोबा. कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत चांगला. दुसरी सोय नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यायचं. तुमचं मधे आहे." मग सहज विचारल्यासारखं, "उसाला युरिया किती टाकता?"

आजोबा खिडकीबाहेर बघतात. "टाकतो की. सगळीच टाकत्यात."

"नायट्रेट पण बघते मग. ते ४५ च्या वर नको. घरात तान्हं बाळ असलं तर फारच जपायचं."

"नात हाय चार म्हैन्यांची," आजोबा म्हणतात आणि टेबलाच्या आणखी जवळ सरकतात.

तेवढ्यात हेल्मेट काखेत धरून एक गृहस्थ पुढं येतात. हातात पाण्याची अर्धी भरलेली बाटली. "पंचगंगेचं आहे, घाटावरून आणलंय. ऑक्सिजन सांगा."

"काका, यातला ऑक्सिजन मोजून उपयोग नाही. अर्ध्या बाटलीत हवा आहे आणि गाडीवरून घुसळत आलंय. आकडा येईल, पण तो नदीचा नसेल."

"मग काय, नदीच उचलून आणू?"

हशा पिकतो. मुलगी मात्र लाकडी खोक्यातून काचेच्या दोन बाटल्या काढते, ३०० मिलिलिटरच्या, तिरकस घासलेल्या बुचांच्या. एक विद्यापीठाच्या आवारातल्या तळ्याची, दुसरी गावातल्या एका ओढ्याची. सकाळी सातला ती स्वतः दोन्हीकडं जाऊन आलीय. बाटली पाण्याखाली धरूनच भरायची, आत बुडबुडा राहू द्यायचा नाही आणि तिथंच, काठावर उभं राहून त्यात दोन रसायनं सोडायची, म्हणजे ऑक्सिजन जागच्या जागी बांधला जातो. पद्धत विंकलर नावाच्या हंगेरियन रसायनशास्त्रज्ञाची, १८८८ सालची. इतकी जुनी आणि अजून चालते, याचं मला उगाच बरं वाटतं.

तळ्याच्या बाटलीत तळाशी तपकिरी साका बसलाय, दाट, चहाच्या चोथ्यासारखा. ओढ्याच्या बाटलीतला साका पांढरा आहे. ताकासारखा स्वच्छ पांढरा.

"हे चांगलं दिसतंय की," शाळेतला एक पोरगा पांढऱ्याकडं बोट दाखवतो.

"ऑक्सिजन असला की साका तपकिरी होतो," मुलगी म्हणते. "पांढराच राहिला म्हणजे आत काही नाही."

"काही म्हणजे?"

"मासा टाकलास तर गुदमरेल."

पोरगा हात मागं घेतो, बाटलीतून काही बाहेर येणार असल्यासारखा.

तळ्याच्या बाटलीत ती जपून तीव्र आम्ल सोडते. साका विरघळतो, पाणी सोनेरी होतं. त्यातलं २०० मिलिलिटर चंबूत. बुरेटमधून उतरलेला दर मिलिलिटर म्हणजे लिटरमागं एक मिलिग्रॅम ऑक्सिजन. सोनेरी रंग पिवळट, मग फिका. पिष्टाचं द्रावण पडताच गर्द निळा. पोरं मोठ्यांदा मोजायला लागतात. चारला ती क्षणभर नळी बंद करते. "इथपर्यंत मासे तग धरतात." पुन्हा थेंब. पाच. सहाची रेघ ओलांडल्यावर निळा रंग एका थेंबासरशी नाहीसा होतो. बाईसुद्धा टाळ्या वाजवतात.

हेल्मेटवाले काका अजून तिथंच. "माझ्या बाटलीचं काहीच होणार नाही?"

"सामू बघते आणि क्षार. घाण किती, ते मात्र मी आणलेल्या नदीच्या पाण्यावरूनच सांगेन," ती म्हणते आणि कोपऱ्यातल्या कपाटासारख्या यंत्राचं दार उघडते. आत अंधार, २७ अंश, बाटल्यांची रांग. "तीन दिवस असंच ठेवायचं. जिवाणू घाण खाताना किती ऑक्सिजन संपवतात ते बघायचं. नदीत अंघोळ करायची तर लिटरला ३ मिलिग्रॅमच्या वर संपता कामा नये."

"म्हणजे २५ ला येऊ?"

"दुपारनंतर या, काका. आणि रिकामी बाटली घेऊन या. पाणी कसं भरायचं ते दाखवते, घाटावरच."

काका हेल्मेट टेबलावर ठेवतात, खिशातून पेन काढतात आणि तळहातावर तारीख लिहून घेतात.