शिलाईची मजुरी

परळी वैजनाथहून तेलगाव आणि वडवणीमार्गे बीडकडे जाणाऱ्या रस्त्यावर परळी तालुक्यातील सिरसाळा हे मोठे गाव आहे. भोवतालच्या खेड्यांची आणि तांड्यांची किरकोळ खरेदी अशाच गावांच्या आधाराने चालते, आणि जिथे साडी, अस्तर, दोरा व हूक विकले जातात, तिथे त्या कापडाला अंगावर घालण्याजोगे रूप देणारे हातही लागतात. हे हात आज बहुतांशी स्त्रियांचे असून त्यांचे कामाचे ठिकाण म्हणजे राहत्या घरातील खिडकीजवळची किंवा दाराजवळची, उजेड येणारी जागा असते. घरगुती शिवणकामाचे ढोबळमानाने दोन प्रकार पडतात. पहिल्यात कारागीर स्वतःच्या मशीनवर, स्वतः ठरवलेल्या दराने थेट गिऱ्हाइकासाठी शिवते. दुसऱ्यात व्यापारी किंवा कंत्राटदार कापलेला माल घरी आणून देतो आणि नगामागे मजुरी देतो. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने 1996 मध्ये केलेला 177 क्रमांकाचा करार या दुसऱ्या प्रकारच्या कामगारांसाठी आहे; भारताने तो अद्याप स्वीकारलेला नाही. सिरसाळ्यासारख्या बाजारगावाला पहिला प्रकार अधिक जवळचा असल्याने पुढील विवेचन मुख्यतः त्यासंबंधी आहे.

या भागात घरबसल्या मिळणाऱ्या कामाचे मोल समजण्यासाठी बीड जिल्ह्याच्या ऊसतोडीकडे पाहणे भाग आहे. दसऱ्यानंतर जिल्ह्यातील हजारो कुटुंबे मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात व गाळप हंगाम संपल्यावर उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता धरला जातो, त्यामुळे स्त्रीचे श्रम त्या हिशेबात गृहीत असतात, परंतु तिच्या हाती वेगळी मजुरी सहसा पडत नाही. ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न 2019 मध्ये ऐरणीवर आला, तेव्हा राज्य सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि या स्त्रियांच्या श्रमांची किंमत त्यांच्या शरीराला कशी मोजावी लागते हे राज्याला पाहावे लागले. शिलाई मशीन हा त्या सर्व दुःखावरचा उतारा आहे असा दावा करणे भाबडेपणाचे ठरेल. मात्र घर न सोडता, मुलांची शाळा न मोडता आणि उचल न घेता मिळणारा रोख पैसा या जिल्ह्यात किती मोठी गोष्ट आहे, हे या पार्श्वभूमीवर स्पष्ट होते.

शिवणकाम हे पूर्वापार स्त्रियांचे क्षेत्र होते असा समज सर्रास आढळतो, पण धंदा म्हणून ते तसे नव्हते. गावगाड्यात शिंपी अलुतेदारांमध्ये मोडला जाई आणि हा व्यवसाय जातीने व बापाकडून मुलाकडे चालत येई. मराठवाड्याच्याच मातीतील संत नामदेव त्याच समाजाचे. स्त्रियांच्या हाती सुई होती ती गोधडी, कुंची, टोपरे आणि रुखवतातील वस्तूंपुरती, म्हणजे ज्या कामाचे पैसे होत नसत अशा कामापुरती. आयझॅक सिंगर यांनी 1851 मध्ये आपल्या शिलाई मशीनचे पेटंट घेतल्यानंतर पुढील काही वर्षांतच त्यांच्या कंपनीने हप्त्याने मशीन विकण्याची पद्धत रूढ केली आणि यंत्र कारखान्यातून घरात आले. महाराष्ट्रात रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली 1909 मध्ये सुरू झालेल्या पुण्याच्या सेवासदनासारख्या संस्थांनी शिवण आणि भरतकामाचे वर्ग चालवले, आणि विधवांना व परित्यक्तांना स्वतःच्या पायावर उभे करणारी विद्या म्हणून शिवणकामाला प्रतिष्ठा मिळाली. आज तालुक्याच्या गावी दिसणारा शिवण क्लास हा त्याच परंपरेचा दूरचा वारस आहे.

तयार कपड्यांनी शर्ट, पँट, फ्रॉक आणि आता मोठ्या प्रमाणावर पंजाबी ड्रेसही शिंप्याच्या हातून काढून घेतले असताना घरगुती शिवणकाम टिकून आहे, ते मुख्यतः ब्लाउजमुळे. साडीबरोबर ब्लाउजपीस येतो आणि तो अंगाबरोबर बसावा लागतो. छाती, कंबर, मुंढा, बाहीचा घेर आणि पाठीचा गळा यांची मापे प्रत्येक स्त्रीची वेगळी असल्याने लहान-मध्यम-मोठा अशा तीन आकारांत हा कपडा नीट सामावत नाही. त्यातच एक फार शहाणपणाची रीत आहे. कुशल शिवणारी बाजूच्या शिवणीत इंच-दीड इंच जादा कापड आत दाबून ठेवते, ज्याला ‘माया’ म्हणतात. बाळंतपणानंतर किंवा वयाबरोबर अंग भरले की आतली टीप उसवून तोच ब्लाउज पुन्हा अंगाला येतो. गळ्याला लावायची पट्टी कापडाच्या उभ्या-आडव्या धाग्यांना तिरकी, म्हणजे उरेब, कापली तरच ती वळणावर चुणी न पडता बसते, कारण तिरके कापलेले कापड किंचित ताणले जाते. कटोरी ब्लाउजमध्ये छातीचा भाग स्वतंत्र तुकड्यांनी घडवला जातो आणि तिथे पाव इंचाची चूकही लपत नाही. कारखान्याला परवडत नाही अशी ही कारागिरी आहे आणि तीच या धंद्याची खरी तटबंदी आहे.

गेल्या काही वर्षांत लग्नसराईच्या ब्लाउजवर आरी वर्कची मागणी खेडोपाडी पोहोचली. आरी म्हणजे टोकाला बारीक आकडा असलेली सुई. कापड लाकडी रिंगवर किंवा चौकटीवर ढोलासारखे ताणून बसवले जाते. ट्रेसिंग कागदावरील नक्षीला सुईने भोके पाडून त्यावरून रॉकेलमध्ये कालवलेली पूड बोळ्याने फिरवली की नक्षी कापडावर उमटते. डाव्या हातात कापडाच्या खालून दोरा धरला जातो, उजव्या हातातील आरी वरून खाली जाते, आकड्यात दोरा पकडून त्याचा फास वर ओढते, आणि पुढचा फास मागच्या फासातून निघत साखळी तयार होते. वेग भरपूर मिळतो, पण शेवटचा फास नीट बंद केला नाही तर दोऱ्याचे टोक ओढताच सगळी साखळी सुटत जाते. यावर मणी, टिकल्या आणि जरीचे काम चढते. गडद कापडावर रात्रीच्या अपुऱ्या उजेडात हे काम केल्यास डोळे आणि मान दोन्ही लवकर थकतात, म्हणून दिवसाचा उजेड हे या धंद्यातील एक भांडवलच मानले पाहिजे.

घरगुती शिवणकामातील सर्वांत दुबळी बाजू कारागिरीची नाही, हिशेबाची आहे. केवळ समजण्यासाठी घेतलेल्या आकड्यांनी ती पाहता येईल. अस्तराच्या ब्लाउजची शिलाई 250 रुपये आहे आणि त्यात अस्तर, दोरा, हूक, वीज व मशीनची झीज मिळून 80 रुपये जातात असे समजू, उरतात 170. माप घेणे, कापणे, शिवणे, हातशिलाई, हूक लावणे, इस्त्री आणि गिऱ्हाइकाने परत आणल्यावर केलेली दुरुस्ती असे मिळून चार तास लागले, तर तासाला साडेबेचाळीस रुपये पडतात. आरी वर्कच्या ब्लाउजचे 1500 रुपये मिळाले, सामानाला 300 गेले आणि रोज पाच तासांप्रमाणे पाच दिवस लागले, तर 1200 रुपयांना 25 तासांनी भागून तासाला 48 रुपयेच येतात. पावती सहा पट मोठी दिसली तरी तासाची कमाई जवळपास तिथल्या तिथेच राहते, आणि भरतकामाकडे वळणाऱ्या अनेकींची फसगत नेमकी इथे होते. झीज, म्हणजे यंत्र वापराने जुने होत जाऊन एक दिवस बदलावे लागणार त्याचा रोजचा वाटा, सहसा धरलाच जात नाही. आणि स्वतःचे तास तर ‘घर सांभाळून केलेले काम’ या नावाखाली फुकट धरले जातात. घरातल्या घरात केलेल्या कामाला घरकामाचाच भाव लागतो, ही या व्यवसायाची जुनी जखम आहे आणि ती गिऱ्हाइकाइतकीच कारागिराच्या स्वतःच्या मनातही असते.

श्रमांचा हा भाव सरकारी कामातही सुटत नाही. राज्य सरकारने 2024-25 या शैक्षणिक वर्षात ‘एक राज्य एक गणवेश’ योजना राबवताना कापडाची खरेदी मध्यवर्ती ठेवली आणि शिलाईचे काम महिला आर्थिक विकास महामंडळामार्फत बचत गटांना दिले. कल्पना चांगली होती. राज्यभरातील लाखो गणवेशांची मजुरी गावोगावच्या स्त्रियांच्या हाती जाणार होती. स्काऊट-गाईडच्या दुसऱ्या गणवेशासाठी कापड देऊन शिलाईचे 100 आणि अनुषंगिक खर्चाचे 10 रुपये असा दर ठरला. मुलाच्या गणवेशात शर्ट आणि पँट असे दोन नग येतात हे लक्षात घेतले, तर त्या दरात बटणे, काजे, दोरा आणि ने-आण बसवून हाती काय उरते, याचा अंदाज मशीनवर बसलेल्या कोणालाही करता येतो. गणवेश उशिरा मिळाल्याच्या आणि मापे चुकल्याच्या तक्रारी राज्यभर झाल्या आणि डिसेंबर 2024 मध्ये हे काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे सोपवण्याचा निर्णय झाला. ज्या ठिकाणी समिती गावातल्याच शिवणाऱ्या स्त्रियांकडून गणवेश करून घेईल, तिथे मूल समोर उभे करून माप घेता येईल, आणि हा फायदा छोटा नाही.

ब्लाउजपलीकडे या परिसराच्या हाती दोन जुन्या कला आहेत. पहिली गोधडी: जुनी लुगडी आणि धोतरे एकावर एक अंथरून, काठापासून सुरुवात करून चौकोनी फेऱ्यांनी आत आत येणाऱ्या धावदोऱ्याने त्यांचे थर जखडले जातात. वर्षानुवर्षे धुऊन मऊ झालेले सुती कापड आणि हाताचा धावदोरा यांमुळे येणारी ऊब मशीनच्या रजईत येत नाही. शहरात तिला चांगला दर मिळू लागला आहे, तर गावात अजूनही ती कोणी विकत घेण्याची वस्तू मानली जात नाही. दुसरी बंजारा भरतकामाची कला: आरसे, कवड्या आणि नाणी जडवलेल्या कांचळी व फेटियाचे, म्हणजे चोळी व घागऱ्याचे, हे काम मराठवाड्यातील तांड्यांवर आता वयस्क स्त्रियांकडेच प्रामुख्याने दिसते. शेजारच्या कर्नाटकात संडूर येथील लंबाणी, म्हणजे बंजारा, भरतकामाला भौगोलिक मानांकन मिळाले आणि तेथील स्त्रिया आपले टाके पिशव्या, उशांचे अभ्रे व जाकिटांवर उतरवून विकतात. त्याच समाजाच्या, त्याच टाक्यांच्या मराठवाड्यातील वारशाला असा संघटित आधार मिळालेला नाही याची खंत वाटल्याशिवाय राहत नाही, कारण एक पिढी गेली की टाके शिकवायला कोणी उरणार नाही. आणखी एक विसंगती इथे नोंदवावीशी वाटते: बीड हा कापसाचा जिल्हा आहे, पण त्याचा कापूस गाठी होऊन बाहेर जातो आणि कापड इचलकरंजी, भिवंडी, सुरतहून परत येते, त्या लांबलचक साखळीत मूल्याचा फार मोठा भाग बाहेरच राहतो आणि गावाच्या वाट्याला शेवटची शिलाई तेवढी येते.

भांडवलाचे दरवाजे मात्र पूर्वीइतके बंद नाहीत. 24 फेब्रुवारी 1975 रोजी स्थापन झालेले महिला आर्थिक विकास महामंडळ, म्हणजे माविम, आणि 2011 पासून काम करणारे उमेद अभियान यांच्या बचत गटांतून अंतर्गत कर्ज मिळते. केंद्र सरकारच्या 17 सप्टेंबर 2023 रोजी सुरू झालेल्या विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसायांमध्ये शिंपीकाम येते. त्यात प्रशिक्षणाच्या दिवसांत रोज 500 रुपये, अवजारांसाठी 15,000 रुपयांचे साहाय्य, आणि पाच टक्के व्याजाने आधी एक लाख व ते फेडल्यावर दोन लाख रुपयांपर्यंत कर्ज अशी तरतूद असून एका कुटुंबातील एकाच व्यक्तीला लाभ मिळतो. त्या अठरांमध्ये भरतकाम स्वतंत्रपणे नाही. हाताने भरतकाम करणाऱ्यांसाठी वस्त्रोद्योग मंत्रालयाचे हस्तकला कारागीर ओळखपत्र आहे. उद्यम नोंदणी विनामूल्य आहे, म्हणून तिच्यासाठी कोणी पैसे मागितल्यास देण्याचे कारण नाही. केवळ शिलाई ही सेवा ठरत असल्याने वार्षिक उलाढाल 20 लाखांच्या आत असेपर्यंत वस्तू व सेवा कराची नोंदणी लागत नाही, आणि घरगुती धंदे सहसा या मर्यादेच्या फार खाली असतात.

खरी अडचण कर्जापेक्षा उधारीची असते. गिऱ्हाईक म्हणजे शेजारीण, नणंद, जाऊ किंवा मुलाच्या वर्गशिक्षिका. त्यांच्याकडे पैसे मागताना जीभ अडखळते आणि लग्नसराईतली उधारी पावसाळ्यापर्यंत लांबते. ज्या स्त्रिया भिंतीवर दरपत्रक लावतात, माप घेतानाच निम्मी रक्कम घेतात, देण्याची तारीख वहीत गिऱ्हाइकासमोर लिहितात आणि कापडाचा छोटा तुकडा त्या पानाला टाचून ठेवतात, त्यांचा धंदा नात्यांच्या गर्दीतही तग धरतो, कारण दर भिंतीवर असला की घासाघीस माणसाशी होत नाही. मार्गशीर्ष ते वैशाख ही लग्नसराई, जूनमधले गणवेश, दसरा-दिवाळी आणि संक्रांतीच्या वाणासाठी लागणारे बटवे असा वर्षाचा आलेख आधी मांडला तर अस्तर आणि लेस हंगामापूर्वी घाऊक घेता येतात आणि मंदीच्या महिन्यांत गोधडी, दुपटी, कुंच्या अशा साठवून विकता येणाऱ्या वस्तू करून ठेवता येतात.

पुढच्या टप्प्यावर बऱ्याच जणी घरातच क्लास घेऊ लागतात. वर्तमानपत्राच्या कागदावर कापणी, मग परकर, झबले, साधा ब्लाउज आणि शेवटी कटोरी, असा शिकवण्याचा क्रम बहुतेक ठिकाणी आहे. या क्रमात पहिला परकर शिवून झाला की त्याच दिवशी त्याचा खर्च, लागलेले तास आणि तासाची मजुरी वहीत मांडण्याचा पाठ घालणे सहज शक्य आहे. त्यासाठी वेगळी शिक्षिका लागत नाही, एक घड्याळ आणि वहीचे एक पान पुरते.